माझी जीभ कुणी बांधली

माझ्या स्वभावात संशय आहे, हे मी आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं जुडी फार हसून दिली तर मी ती दांड्याकडून उलगडून बघते. त्यामुळे गेल्या महिन्यात जळगावला माझी तीन आठवड्यांची नात अंगावर नीट पीत नाही, पिताना चक्‌चक् आवाज करते, दूध ओठाच्या कडेनं सांडतं आणि वजन काही हलत नाही, असं झालं, आणि एका चकचकीत दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिच्या तोंडात दोन सेकंद बघून सांगितलं की जिभेखालचा पडदाही कापू आणि वरच्या ओठाखालचाही कापून टाकू, तेव्हा मी सुनेला म्हटलं, चल, आपण दुसरीकडे दाखवू. दुसरीकडे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी सुनेला समोर बसवून बाळाला पाजायला लावलं, सगळं पाजणं संपेपर्यंत बघितलं, मग बोट घालून जीभ वर उचलून पाहिली. म्हणाल्या, ‘ओठाचं काही करायची गरज नाही, बऱ्याच बाळांना तो पडदा असाच असतो. जिभेचा मात्र खरंच आखूड आहे, तो सोडवू.’ माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी विचारलं, ‘घरात आधी कुणाला होतं का असं?’ खोलीत माझा मुलगा, सून, सुनेची आई आणि मी, एवढेच होतो. सुनेच्या आईनं मान खाली घातली. आमच्या नात्यातल्या दोघीतिघींनी फोनवर ‘हे त्यांच्या माहेराकडचं असेल’ असं आधीच सुरू केलं होतं, ते तिच्या कानावर गेलेलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं. तरी ते तोंडात यायला वेळ लागला, कारण त्या प्रश्नासाठी आमच्या घरात एक बाई दहा वर्षं गप्प राहिली होती.

आम्ही अमळनेरला राहायचो. वडील, म्हणजे नाना, तेलाच्या मिलमध्ये सरकीच्या वजनावर होते. मिलचा भोंगा झाला की आमच्या गल्लीतली घरं जागी व्हायची, दुसरा भोंगा झाला की नाना डबा घेऊन निघायचे, आणि दिवसभर ढेपीचा उग्रट, गोडसर वास दारातून आत येत राहायचा. आलेल्या पाहुण्यांना तो वास सहन व्हायचा नाही, आम्हाला मात्र गावाला गेलं की त्याच्यावाचून चुकल्यासारखं व्हायचं. घरात नाना, आई, मी, नानांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको. वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला आमच्याकडे मोठीमाय म्हणतात. मोठे काका शेत बघायचे, ते आठवड्यातून दोन दिवस घरी. आणि या सगळ्यांच्या वर अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या, दोन्ही भावांहून मोठी, तरुणपणीच नवऱ्यामागे माहेरी परतलेली. घरात मिठाच्या बरणीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत अक्काचा शब्द शेवटचा.

अक्काचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड चोरतो, शेजारीण आपल्या चुलीवरची राख मोजते, असं तिचं चालू असायचं. आईला बघायला गेली तेव्हा तिनं आईला चालवून पाहिलं, सुई ओवायला लावली, केस सोडायला लावले, भाकरी थापायला लावली. आईनं सगळं केलं आणि विचारलेल्या प्रश्नांना मान हलवून किंवा ‘हो’ म्हणून उत्तर दिलं. अक्का खूश झाली. कमी बोलणारी सून मिळाली म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले. आईच्या माहेरच्यांनी तिला आधीच बजावून ठेवलं होतं की तोंड फार उघडू नकोस. हे मला खूप नंतर कळलं, पण वाचणाऱ्याला आताच सांगते.

आमच्याकडे मूल जन्मलं की सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेला लावायची. आता डॉक्टर सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. ते बरोबर आहे, मी माझ्या नातीला दिला नाही. पण तेव्हा ते चुकवायचं नाही असा दंडक होता, आणि मध कुणी चाटवायचा याला फार महत्त्व होतं, कारण ज्याच्या हातचा पहिला मध त्याची वाणी मुलाला येते असं सगळे मानायचे. माझ्या वेळी अक्कानंच मोठीमायला बोलावलं. मोठीमायला स्वतःला मूल नव्हतं, पण तिचा आवाज पूर्ण गल्लीत कुणाला नव्हता असा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडांना झोके बांधले जायचे, सासरहून आलेल्या पोरीबाळी त्यावर बसून गाणी म्हणायच्या, आणि मोठीमाय सुरू झाली की बाकीच्या झोके थांबवून ऐकायच्या. तर असा गोड गळा पोरीला यावा म्हणून मोठीमायनं मला मध चाटवला.

आणि मी बोलेचना. तीन वर्षांची होईपर्यंत नुसते हुंकार. नंतर बोलायला लागले ते असं की आई सोडून कुणाला कळू नये. र, ल, ळ, ण, ट, ड, जिथं म्हणून जीभ वर न्यायची तिथं सगळं मऊ, लिबलिबीत होऊन बाहेर पडायचं. भाकरीचा तुकडा गालात अडकला की मला तो बोटानं काढावा लागायचा. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा मिळाला की बाकीची पोरं चाटत सुटायची, मी तो ओठात धरून चोखायची आणि अर्धा फ्रॉकवर सांडायची. माझ्यावर सगळे इलाज झाले. वेखंड उगाळून जिभेला लावलं, शंखात ठेवलेलं पाणी पाजलं. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की मुलं बोलायला लागतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा नाना बिचारे आठवडाभर मिलमधून येताना बागांतून हिंडून असले उष्टे पेरू गोळा करून आणत होते. मी ते सगळे खाल्ले. पेरू गोड होते एवढंच.

मग एक दिवस अक्कानं निकाल दिला. मी कोपऱ्यात भातुकली मांडून बसले होते, मला तो शब्दन् शब्द आठवतो. ‘आवाज हिनी सोताजोडे ठी लिधा, नी आमनी पोरले मुकी करी टाकं.’ हिनी म्हणजे मोठीमायनं; आवाज स्वतःजवळ ठेवून घेतला आणि आमची पोर मुकी करून टाकली. स्वतःला मूल नाही, म्हणून दुसरीचं देखवलं नाही, मधात काहीतरी कालवलं, असं ते प्रकरण वाढत गेलं. मोठीमाय चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, एकदा अक्काकडे बघितलं, एकदा आईकडे बघितलं. आई धान्य निवडत होती. आई काही बोलली नाही. मोठीमाय म्हणाली, ‘मी मध चाटाडं व्हतं, इख नही,’ आणि परत फुंकणी हातात घेतली. त्यापुढे ती त्या विषयावर कधी बोलली नाही. पण त्या वर्षीच्या आखाजीला ती झोक्यावर बसली नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं गायली नाही. गल्लीत कुणाच्या घरी बाळ झालं तर मध चाटवायला पहिल्यांदा तिला बोलवायचे, ते बंद झालं. पुढेपुढे तर ती बारशाला आली की बायका बाळाच्या तोंडावरून पदर ओढून घ्यायच्या. मी हे बघितलेलं आहे.

आई तिच्याशी बोलेनाशी झाली. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायच्या, एकीनं पीठ मळायचं, दुसरीनं भाकरी टाकायची, पण शब्द नाही. मला आईनं शिकवून ठेवलं होतं, ‘तिना हातनं काहीच खावानं नही.’ हे फार कठीण होतं, कारण घरातलं सगळ्यात चांगलं मोठीमायच्या हातचं असायचं. हिवाळ्यात ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, ती लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची, वर तेलाची फोडणी, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भरिताचा वास गल्लीच्या टोकाला यायचा. मी ताटासमोर बसून आईकडे बघायची, आई डोळ्यांनीच नाही म्हणायची, आणि मी दूध-भाकरी खायची. खरं सांगायचं तर मलाही मोठीमायची भीती वाटायची. ती जवळून गेली की मी तोंड मिटून घ्यायची, न जाणो अजून काही जीभ उरली असेल तर तीही नेईल. एकदा मला ताप आला आणि ती कपाळावर हात ठेवायला आली, तर मी पांघरूण डोक्यावर ओढलं. पोरांना मोठी माणसं शिकवतील तेवढा संशय त्यांच्यात लगेच भिनतो, आणि मी तर घेण्यात हुशार होते.

चौथीत असताना गुरुजींनी नानांना शाळेत बोलावून घेतलं. पोरगी लिहिते बरी, पण बोलून काही सांगत नाही, पुढच्या शाळेत ही टिकायची नाही, घरकामाला लावा, असं ते म्हणाले. नाना घरी येऊन जेवले नाहीत. मला कळलं की परीक्षा झाली की माझी शाळा संपणार. त्याच महिन्यात शाळेत मुलांची तपासणी करायला एक डॉक्टर आले. रांगेत उभं करून ते एकेकाला ‘जीभ काढ बाहेर’ म्हणत होते. माझी जीभ दाताच्या पुढे येईना. त्यांनी बोटानं माझा जबडा खाली ओढला, बॅटरी मारली आणि मास्तरांना म्हणाले, ‘अहो, ही मुलगी मंद कुठली? हिची जीभ खाली बांधलेली आहे.’ त्यांनी मला आरशात दाखवलं. जिभेखाली मधोमध एक आखूड, पांढरट दोरीसारखा पडदा, आणि जीभ उचलायला गेले की तो टोकाला ओढून धरायचा, त्यामुळे टोकाला खाच पडून जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसायची. मी तोवर स्वतःच्या जिभेखाली कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, धुळ्याला एका सर्जनकडे न्या, छोटंसं काम आहे.

चिठ्ठी घरात आली आणि घर ढवळून निघालं. अक्का म्हणाली, हे डॉक्टर लोक पोरांवर हात साफ करून घेतात, कापल्यावर उरलंसुरलं बोलणंही गेलं तर कोण भरून देणार? आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती नुसतं ‘नको, नको’ म्हणत होती, आणि तिचं हे नको मला फार आवडलं, कारण मलाही कात्रीची भीती वाटत होती. नाना एरवी अक्कासमोर मान वर करत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, ‘पोरीची शाळा जाऊ देणार नाही. जायचंय.’ पण मिलचा हंगाम होता, त्यांना रजा मिळेना. आईनं धुळं पाहिलेलं नव्हतं. मोठीमायचं माहेर धुळ्याचं, तो सर्जन तिच्या माहेराच्या दोन गल्ल्या पलीकडे बसायचा. तेव्हा नानांनी ठरवलं की आई आणि मोठीमाय, दोघींनी मला घेऊन जायचं. अक्का उसळली. ‘जिनी बांधी, तिनाच हातमा देस?’ नाना चपला घालता घालता म्हणाले, ‘बांधता आली असेल तर सोडवताही येईल तिला.’ आणि भोंगा झाला तसे निघून गेले.

एसटीत तिघींचं बाक मिळालं. खिडकीशी आई, या कडेला मोठीमाय, मधे मी. आईनं माझ्या फ्रॉकच्या खिशात मीठ-मिरची बांधून ठेवली होती. दोघी आपसात बोलत नसल्यामुळे सगळी बोलणी माझ्यामार्फत चालली होती, आणि मला तर बोलता येत नव्हतं. आई म्हणायची, ‘तिले इचार, कितला टाइम लागस.’ मी मोठीमायकडे तोंड करून काहीतरी लिबलिबायची. मोठीमायला आधीच ऐकू आलेलं असायचं. ‘मायले सांग, घंटाभर.’ मग मी आईकडे वळून तेच. पुढच्या बाकावरचे एक आबा मागं वळून हा प्रकार बघत होते, शेवटी ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही दोन्हीजनी धडधाकट, पोरले काब्र तरास देतस?’ दोघींनी एकदम पदर सारखा केला. मोठीमायनं पिशवीतून डबा काढला, मला बिबडीचा, म्हणजे ज्वारीच्या पापडाचा, तुकडा दिला. मी आईकडे बघितलं. आई बाहेर बघत होती. मी तो तुकडा हातात धरून ठेवला, पार धुळ्यापर्यंत. मला खात्री होती की ही बाई मला काहीतरी करायलाच नेतेय. खरं तर तिचं काय अडलं होतं? ज्या पोरीपायी तिला सगळ्यांनी वाळीत टाकलं, त्या पोरीसाठी उन्हातान्हात कोण येईल? मी त्या वयातही असा हिशेब मांडत होते, याची आज मला लाज वाटते.

सर्जन उंच, चष्मेवाले, सावकाश बोलणारे होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आधी नुसत्या गप्पा मारल्या, मी काय म्हणते ते पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं. असं पहिल्यांदाच कुणी केलं. मग जीभ वर उचलून बघितली, पुढे काढायला लावली, वरच्या ओठाला लावायला सांगितली, डावीउजवीकडे फिरवायला सांगितली. म्हणाले, ‘हे जन्मापासूनचं आहे. प्रत्येकाच्या जिभेखाली हा पडदा असतो, हिचा आखूड आणि जाड राहिला. कुणाचं काही चुकलेलं नाही.’ आईनं पदराच्या आडून विचारलं, ‘जन्मल्यावर मध चाटवला, त्यानं होतं का?’ तिचा आवाज मला ओळखू आला नाही. डॉक्टर हसले. ‘मधानं? नाही हो बाई. ही जीभ पोटातच अशी घडली. पुष्कळदा घराण्यातच असतं. आई, आजी, मामा, कुणालातरी असतं, त्यांचं बोलणं बरं असतं म्हणून कळत नाही.’ आणि ते सहज म्हणाले, ‘तुम्ही दोघी जरा जीभ काढून दाखवा बघू.’

मोठीमायनं लगेच दाखवली. तिची जीभ लांबसडक, खाली हनुवटीला टेकेल अशी. दवाखान्यातला मदतनीस हसला, मलाही हसू आलं. मग डॉक्टर आईकडे वळले. आईनं पदर तोंडावर घट्ट धरला होता. तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते डोळे डॉक्टरकडे नव्हते, मोठीमायकडे होते. मी अक्काच्या नजरेखाली वाढलेली पोरगी, माणूस काही लपवत असलं की मला वास यायचा. आई लपवत होती. त्या एका क्षणात मला आठवलं की आईही गालात अडकलेला घास बोटानं काढते, की आंबे खाताना मनगटावर ओघळलेला रस ती कधी चाटत नाही, पदराला पुसते. दहा वर्षं मी तिच्या शेजारी जेवत होते. मोठीमायनं त्या क्षणी एक शब्द बोलायचा अवकाश होता, तिच्या माथ्यावरचं सगळं उतरलं असतं. ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, आमनं काय देखतस? पोरनं करा ना आगोदर.’

जिभेखाली बधिर करायचं औषध टोचलं, ते दुखलं. कात्रीचा मात्र नुसता एक आवाज ऐकू आला, भरड कापड फाटावं तसा. दोन टाके. तोंडात रक्ताची चव आणि कापसाचा बोळा. मी हात आपटत होते, आणि माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. डोळे उघडून बघितलं तर तो मोठीमायचा होता. आई बाहेरच्या बाकावर बसून रडत होती. निघताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कापलं म्हणजे झालं असं नाही. जीभ दहा वर्षं बसून राहिलेली आहे, तिला चालायला शिकवावं लागेल, नाहीतर जखम भरताना पुन्हा चिकटेल. टाके विरघळले की रोज चार-पाच वेळा हिच्या वरच्या ओठाला मध लावा आणि जिभेनं चाटायला सांगा. आधी मधोमध, मग एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. मध म्हटल्यावर दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही.

परतीच्या एसटीत मी मोठीमायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. घरी आल्यावर अक्कानं ‘काय म्हणे डॉक्टर?’ विचारलं. आई म्हणाली, ‘पोटातलंच व्हतं.’ एवढंच. कुणाकडून, ते नाही. अक्काचं समाधान झालं नाही, तिनं मोठीमायकडे तिरपी नजर टाकली. डॉक्टरनं सांगूनही हे संपणार नव्हतं तर. आणि आई ते संपवू शकत होती. आईचा मला तेव्हा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याजवळ झोपले नाही. आईवर संशय घेणं ही फार वाईट गोष्ट आहे. एकदा घेतला की आधीची सगळी वर्षं पुन्हा तपासावी लागतात.

टाके गेले. आई दुपारी मागच्या ओट्यावर मधाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसायची. ती बोटानं माझ्या ओठाला मध लावायची, मी जीभ ताणायची, पहिल्या दिवशी ती दातापर्यंत पोचली, चौथ्या दिवशी ओठाच्या कडेला. दुखायचं, मी रडायची, आई परत लावायची. एका दुपारी माझ्या जिभेचं टोक मधाला लागलं. गोड! मी ओरडलेच. अक्का झोपली होती, मोठीमाय तिथंच उन्हात वाळवण उलथत होती, तीही थबकली. आईनं माझ्याकडे बघितलं, मग बोट पुन्हा मधात बुडवलं आणि यावेळी स्वतःच्या वरच्या ओठाला लावलं. आणि जीभ बाहेर काढली. तिचं टोक खालच्या दाताला अडकून तिथंच थरथरत राहिलं, खाच पडलेलं, माझं होतं तसं. मध ओठावरून ओघळून दातांवर आला. ती मोठीमायकडे बघत होती.

‘मनी बी अशीच शे,’ आई म्हणाली.

मोठीमाय येऊन तिच्यासमोर बसली. ‘माले माहित शे.’

‘कव्हयपाईन?’

‘तू नवी नवरी व्हती तव्हयपाईन. आंबाना रस तुना हातवर वघळे, तू चाटे नही, पुसे.’

आईनं मधाची वाटी खाली ठेवली. ‘मंग सांगं काब्र नही?’

‘सांगती ते अक्का तुले घरमा ऱ्हावू देती का?’ मोठीमायनं विचारलं, आणि आपल्या पदरानं आईच्या ओठावरचा मध पुसला. आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. मीही रडले, कारण काय झालंय ते मला पूर्ण कळलं होतं. आईनं मी जन्मले त्याच दिवशी माझ्या जिभेखाली बघितलं होतं, हे तिनं रडता रडताच सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. फसवून मुलगी दिली असं म्हणून अक्का आपल्याला माहेरी पाठवील या भीतीनं तिनं दुसरीचं नाव जाऊ दिलं, आणि ती दुसरी तिच्यासाठीच गप्प बसली. रडण्यानं अक्का जागी होऊन दारात आली. काय झालं म्हणून विचारायला लागली. आईनं डोळे पुसले आणि उभी राहिली. मला वाटलं ती पुन्हा मान हलवेल. ती म्हणाली, ‘अक्का, हाई मना घरनं शे. पोरले मनाकडथीन वनं. मनी जीभ बी बांधेल शे, देख.’ आणि तिनं अक्कासमोर तोंड उघडलं. अक्कानं वाकून बघितलं, नीट, सुई ओवायला लावली होती तितक्याच बारकाईनं. मग आत जाऊन परत आडवी झाली. आईला कुणी कुठं पाठवलं नाही. नाना संध्याकाळी आले, त्यांना कळलं, ते म्हणाले, ‘बरं. मग आता जेवायला वाढा.’ ज्या वाक्याच्या धाकानं दहा वर्षं गेली होती ते एवढ्यात आटोपलं.

मी एका दिवसात बोलू लागले नाही. र यायला सहा महिने लागले, ळ अजून दमल्यावर घसरतो. पण मी पाचवीत गेले, आणि पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, तेही भाषा. आईला मी कितीदा म्हटलं, मोठ्या माणसांचंही करतात, चल, पाच मिनिटांचं काम आहे. ती हसायची. ‘आते जीभ सुटीसन कोनासंगे भांडू?’ माझी जीभ सुटली त्या वर्षीच्या आखाजीला आईनं मोठीमायला हाताला धरून झोक्यावर बसवलं आणि मागून स्वतः झोका दिला. मोठीमायचा आवाज पहिल्या ओळीला फाटला, इतक्या वर्षांनी फाटणारच. बाकीच्यांनी झोके थांबवले. मी तिच्या मांडीवर बसून ओळीच्या शेवटी शेवटी सूर लावत होते, र नसलेल्या जागा बघून.

दोघी आता नाहीत. जळगावच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, ‘कुणाला होतं का?’ सुनेची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ‘आमच्याकडून आलंय,’ मी म्हटलं. ‘माझ्या आईला होतं, मग मला.’ आणि खुर्चीत सरळ बसून, सगळ्यांच्या देखत, मी जीभ वर उचलून तो जुना व्रण दाखवला.